जिभेवर विरणारा पापुद्रा

६ फेब्रुवारी, सोमवार

चौतिसाव्या घाण्याचा पापुद्रा आज काचेवरून अखंड सुटला. लॅबमधले वयस्कर मदतनीस म्झे हारूब यांनी पात्याच्या टोकाने एक कोपरा उचलला, मग दोन बोटांच्या चिमटीत धरून हळूहळू वर ओढत नेला. मी श्वास धरून बसले होते. तेहेतीस वेळा तो मधेच फाटला होता. आज फाटला नाही. हारूबनी तो खिडकीच्या उजेडासमोर धरला. आंब्याच्या रसाची वाळवलेली पोळी असते, तिच्या दहाव्या हिश्शाइतका पातळ, दुधी रंगाचा.

"मॅडम, पडदे शिवायचे का याचे?" ते म्हणाले.

जंतांच्या गोळीतल्या औषधाचा चौथा हिस्सा एका तुकड्यात बसतो. म्हणजे दोन वर्षांखालच्या मुलाला दोन तुकडे, त्यावरच्याला चार. एकेक करून जिभेवर ठेवायचे, आणि ते विरून जाणार. चावायचं नाही, गिळायचं नाही. कोमट पाण्यात सव्वीस सेकंद लागले. माझ्या जिभेवर एकतीस. चव खडूची आहे आणि शेवटी रेती चावल्यासारखं होतं, पण ते नंतर बघू.

हारूब निवृत्तीला आलेत. त्यांना वर्षभरापूर्वीच घरी बसता आलं असतं. माझ्या तेहेतीस फाटक्या घाण्यांपायी ते थांबलेत. आज त्यांना चहाबरोबर दोन जास्तीचे तळलेले गोड मंदाझी खायला घातले. त्यांनी ते हिशेबात धरले नाहीत.

९ फेब्रुवारी, गुरुवार

चाचणीचं गाव ठरलं. प्राध्यापक किसंगांचा दार एस सलामहून फोन होता.

"लहान मुलांत सगळ्यात जास्त जंत जिथे आहेत, तिथेच करू. किडुंडो. तिथल्या आया म्हणे पाच वर्षांखालच्या मुलांना गोळी देऊच देत नाहीत. कारण कुणालाच ठाऊक नाही. तू पेम्बा बेटावरचीच, तुला काही कल्पना?"

"नाही," मी म्हटलं.

खोटं बोलले. ते इथे तरी लिहायला हवं.

सतरा वर्षांपूर्वी मी औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. तेवीस वर्षांची. सुट्टीत घरी आले आणि जंतांच्या औषधाच्या दिवशी मदतनीस म्हणून किडुंडोच्या शाळेत गेले. रांग लांब, ऊन कडक. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन आली. बहीण अडीच वर्षांची. तिचं नाव हिदाया. ती तोंड उघडेना. मला दाखवलं होतं तसं मी तिचं नाक चिमटीत धरलं आणि तोंड उघडल्याबरोबर गोळीचा पहिला अर्धा तुकडा आत टाकला. ती रडण्यासाठी श्वास घेत होती. तुकडा त्या श्वासाबरोबर गेला.

पुढचं मला लिहिता येत नाही. दवाखाना अकरा किलोमीटरवर होता.

मला कुणी काही बोललं नाही. अल्लाची मर्जी, असं सगळे म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी त्या घरापर्यंत गेले, दाराबाहेरच्या चपलांच्या गर्दीत उभी राहिले आणि आत न जाताच परत फिरले. त्यानंतर किडुंडोच्या रस्त्याला लागले नाही. हा पापुद्रा का करतेस असं लोक विचारतात तेव्हा मी सांगते की या विषयात संशोधनाला वाव आहे.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

किडुंडोला जाऊन आले. रस्ता आता डांबरी झालाय. दोन्ही बाजूंना चटयांवर लवंगा वाळत होत्या. हारूब बरोबर होते म्हणून दलादलातून, त्या खच्चून भरलेल्या छोट्या बसमधून, उतरले, नाहीतर तशीच पुढच्या गावाला गेले असते.

बालवाडीच्या ओट्यावर आया जमल्या होत्या. त्या नुसत्या बघत होत्या. बालवाडीत मुलांची पेज शिजवणारी एक बाई आहे, बी मिझा. साठीची, उंच, आवाज खर्जातला. तिने मान हलवली तर गाव हो म्हणतं, असं शिक्षिका म्हणाली.

मी तिला पाहताक्षणी ओळखलं. हिदायाची आई, त्या दिवशी शाळेत धावत आलेली.

वडीलधाऱ्यांना करतात तसा नमस्कार म्हणून मी शिकामो म्हटलं. तिने उत्तरादाखल मरहबा म्हटलं आणि पेज ढवळत राहिली.

"नाव काय तुझं, पोरी?"

"झुवेना."

"कुणाची?"

"वेटेच्या फाकी शामेंची."

"फाकी शामेंची," ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "फाकी शामेंची झुवेना." वयोमानाने कमी ऐकू येत असावं.

तिने मला ओळखलं नाही. ओळखणार कशी? तेव्हा मी काडीसारखी होते, चष्मा नव्हता, आणि त्या दिवशी तिथे पांढऱ्या कोटातल्या आम्ही चौघीजणी होतो. अलहमदुलिल्ला. मी ते तीनदा मनात म्हटलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

पहिला वाडगा तिने मला दिला आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहिली.

"मुलं किती तुला?"

"नाहीत. लग्नच नाही केलं."

"दुसऱ्यांच्या मुलांची औषधं करतेस, आणि घरात मूल नाही?"

"वेळ मिळाला नाही, बी मिझा."

"सतरा वर्षांत वेळ मिळाला नाही?"

माझं लग्नाचं वय कधी उलटलं याचा अंदाज तिने बरोबर बांधला. अशा बायकांची नजर पक्की असते.

तिच्याबरोबर नात होती, इल्हाम, वीस महिन्यांची, गुबऱ्या गालांची. इल्हामची आई साबिहा दारातच थांबली होती. आत ये म्हटलं तर आली नाही. लाजरी असावी. शेवटी बी मिझाने आयांना सांगितलं, "औषध नसलेला कागद आधी देणार आहेत. नुसताच. पोरं काय करतात ते बघायला. मी इथेच उभी राहीन. आणा पोरांना."

मी तिचे आभार मानले. ती म्हणाली, "आभार कसले. बघू."

२ मार्च, गुरुवार

आज बिनऔषधाचे पापुद्रे दिले. बावीस मुलं. एकोणीस जणांनी घेतले, दोघांनी थुंकले, आणि एक इल्हाम.

इल्हामच्या वेळी तो टाळूला जाऊन चिकटला. ती ओकारी काढू लागली, डोळे मोठे झाले, रडायला तोंड उघडलं. त्यात जिवाला धोका नव्हता. पापुद्रा मऊ असतो, श्वास अडवत नाही, हे मीच प्रस्तावात लिहिलंय, पान सहा. पण माझे हात जागच्या जागी गोठले. मला इल्हाम दिसत नव्हती. मला दुसरीच मुलगी दिसत होती.

बी मिझाने करंगळी पेजेत बुडवून तिच्या तोंडात घातली आणि टाळू पुसून घेतली. एक क्षण. इल्हाम उचकी देऊन गप्प झाली आणि पेज मागू लागली. दारातली साबिहा मात्र तोंडावर कांग्याचा पदर दाबून निघून गेली.

मी इमारतीमागे जाऊन ओकले. परत आले तेव्हा बी मिझा हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने मला चूळ भरायला लावली. माझ्या पाठीवरून तिने हात फिरवला आणि मला तो नको होता. तिला ठाऊक असतं तर तिने तो हात फिरवला असता का?

३ मार्च, शुक्रवार

किसंगांना पत्र लिहिलं. हे काम दुसऱ्या कुणावर सोपवावं, मी लॅबमधली मदत करत राहीन. छापून टेबलावर ठेवलं. हारूबनी वाचलं. दुसऱ्यांचे कागद वाचू नयेत हा नियम त्यांनी कधीच मानला नाही.

"यात कारण लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"कारण खाजगी आहे."

"मग पत्र पण खाजगीच राहू दे," असं म्हणून त्यांनी ते माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि काच पुसायला गेले.

७ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते. यातलं एक वाक्य सबंध वर्षाच्या कामाइतकं मोलाचं आहे.

सकाळी दहाला बी मिझा लॅबच्या दारात हजर. कडेवर इल्हाम, डोक्यावर शेलीशेलीची, म्हणजे विलायती फणसांची, टोपली. किडुंडोहून इथे चाके शहरापर्यंत दोन दलादला बदलून.

"तू आली नाहीस, म्हणून मी आले. कागद कुठे करतेस ते दाखव."

मी दाखवलं. काच, पातं, भट्टी, तराजू. तिने सगळं बारकाईने पाहिलं. पापुद्रा बोटाने चाचपला, ओठांना लावला, जिभेवर ठेवला. मग खुर्चीत बसली.

"चूक कागदाची नाही. घाबरलेल्या पोराच्या तोंडात थुंकी नसते. जीभ कोरडी, टाळू कोरडी, घसा कोरडा. त्यात काहीही टाक, ते चिकटणार नाहीतर अडकणार. आधी पोराची भीती जायला हवी, मग तोंडाला ओल येते. मग दे काय द्यायचं ते."

मी वही घेऊन लिहूनच घेतलं. एकतीस सेकंदांचा माझा आकडा माझ्याच जिभेवरचा होता, चाळीस वर्षांच्या न घाबरलेल्या बाईच्या. घाबरलेल्या मुलाचं कोरडं तोंड आम्ही एकदाही मोजलं नव्हतं. माझ्या ओळखीच्या कुणाच्याही अहवालात ते नाही.

"बी मिझा, हे तुम्हाला कसं सुचलं?"

"पुष्कळ विचार केलाय मी यावर."

"कधी?"

"भांडी घासताना. लवंगा खुडताना. पेज ढवळताना. डोकं मोकळंच असतं की."

अशी बुद्धी शाळेबाहेर राहिली याचं वाईट वाटलं. शिकली असती तर माझी साहेब झाली असती, असं मी तिला म्हटलं. ती हसली नाही. म्हणाली, "नाक नका दाबू कुणाचं. ते पण लिही." मी तेही लिहिलं. हिदायाच्या वेळी काय झालं ते आईला माहीत असणारच, एवढंच वाटलं.

एवढ्यात इल्हामने आजीच्या पिशवीतून उबूयूची पुडी काढली आणि गोरखचिंचेच्या त्या लाल, आंबटगोड बिया तोंडात कोंबल्या. हनुवटीवरून लाल लाळ ओघळून माझ्या तराजूशेजारी टपटप पडली. मी ती पुसायला गेले आणि फडकं हातात तसंच राहिलं.

हारूब माझ्याकडे बघत होते. "काय झालं?"

"आंबट," मी म्हटलं. "पापुद्रा आंबट करायचा. लाळ आपोआप सुटेल. खडूची चव पण झाकेल."

"आंबट पाहिलं की तोंडाला पाणी सुटतं," हारूब बी मिझाला म्हणाले, "हे शोधायला आमच्या मॅडम दार एस सलामला पाच वर्षं शिकल्या."

तेव्हा मात्र ती हसली. जाताना तिने शेलीशेलीची दोन फळं लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि मला बजावलं, "औषधाला लागू देऊ नकोस, वास धरेल." ड्रॉवरमधलं पत्र मी फाडलं.

२७ मार्च, सोमवार

रमजानचा पहिला आठवडा. दिवसभर उपास असल्यामुळे चव घेता येत नाही. घाणे दुपारी करतो आणि सूर्यास्ताच्या मगरिबनंतर खजूर खाल्ला की चव बघतो. हारूबची बायको बी तिमे रोज लॅबमध्ये कसाव्याची खीर पाठवते. खजूर, पापुद्रा, खीर, असा आमचा क्रम. एकेचाळिसावा घाणा हारूबना इतका आंबट लागला की त्यांचा एक डोळा पाच मिनिटं मिटलेलाच होता.

औषध आणखी बारीक दळलं. रेती गेली. तुकड्याला सुईने बारीक छिद्रं पाडली, म्हणजे ओल आत शिरते. कापसाने जीभ पुसून, कोरडी करून वेळ मोजली. पहिल्या पापुद्र्याला कोरड्या जिभेवर दोन मिनिटं लागत होती. आजच्याला बावीस सेकंद.

बावीस सेकंद. देवाने आणि बी मिझाने दिलेले.

१२ एप्रिल, बुधवार

पाऊस सुरू झाल्यापासून हवा इतकी दमट की शंभर पापुद्रे एकमेकांना चिकटून एकच वीट झाली. हारूब म्हणाले, जंत बघून पळून जातील, गिळायचीही गरज नाही. आता प्रत्येक तुकडा वेगळ्या चकचकीत पाकिटात. दोन दिवस नुसती तापल्या पट्टीने पाकिटंच बंद केली. बोटांची टोकं भाजली. बाकी सगळं ठीक.

२० एप्रिल, गुरुवार

औषधासह पापुद्रा देण्याची परवानगी आली. सोळा मेला किडुंडोत.

बी मिझाच्या जिवावर मी हे सगळं उभं केलंय आणि मी कोण हे तिला ठाऊक नाही. बिनऔषधाच्या कागदाचं एक होतं. आता ती माझ्या शब्दावर आपल्या नातीच्या तोंडात औषध घालू देणार. न सांगता ते घेणं म्हणजे चोरी. सांगितलं तर ती मान हलवणार नाही, गाव नाही म्हणेल, आणि गावातल्या चौसष्ट मुलांच्या पोटातले जंत तसेच राहतील. दोन्ही बाजूंनी विचार केला. तिसरी बाजूही आहे, ती म्हणजे मी भित्री आहे. ईद झाली की सांगेन.

२४ एप्रिल, सोमवार

ईदचा तिसरा दिवस. नवा कांगा आणि हलव्याची डबी घेऊन किडुंडोला गेले. एकटीच. दुपारचे तीन वाजले असतील. बी मिझा अंगणात इल्हामची वेणी घालत होती. साबिहा पलीकडे तांदूळ पाखडत होती. मी चटईवर बसले, कॉफी झाली, हलवा झाला.

"बी मिझा, मला काही सांगायचंय."

"सांग."

"हिदायाला ज्या मुलीने गोळी दिली, ती मी होते."

तिने वेणीचा पेड सोडला नाही. शेवटपर्यंत घातला, दोरा बांधला आणि इल्हामला खेळायला पिटाळलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तू दलादलातून उतरलीस तेव्हापासून. नाव विचारलं ते खात्री करायला. तू तिसऱ्या दिवशी आमच्या दारात येऊन उभी राहिली होतीस. मी जाळीतून बघत होते. म्हटलं, ही पोर आत आली तर हिला बसवून घेईन. तू गेलीस."

मी इतके दिवस लिहिलेलं सगळं डोळ्यांपुढून गेलं. सतरा वर्षं. कोरडी जीभ. नाक नका दाबू.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला ते तुझ्या तोंडून हवं होतं. आणि माझ्यासाठी नको होतं." तिने साबिहाकडे बोट केलं. "तिला सांग. मला सांगितलंस तेच. पण सगळं सांग."

साबिहाचं सूप थांबलं होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नऊ-दहा वर्षांची ती मुलगी, बहिणीला कडेवर घेऊन आलेली. मी तिला लाजरी म्हणत होते.

"मी नेलं होतं तिला," साबिहा म्हणाली. आवाज इतका बारीक की मला पुढे सरकावं लागलं. "आईला न विचारता. गोळी घेतली की बिस्किट देत होते. मला दोन मिळाली असती, म्हणून नेलं."

मी तिच्यासमोर जाऊन बसले. सगळं सांगितलं. रांग, ऊन, माझी घाई. तिची बहीण मान फिरवत होती आणि मी थांबायला हवं होतं. नाक मी दाबलं. तोंड उघडलेलं असताना तुकडा मी टाकला. ती रडायच्या बेतात आहे हे मला दिसलं होतं आणि तरी मी टाकला, कारण मागे अजून साठ मुलं होती. "तू बहिणीला औषधाला घेऊन आलीस. शाळेने बोलावलं होतं. तू काहीच चूक केली नाहीस. चूक या हाताची होती."

साबिहाने माझ्या हाताकडे पाहिलं.

"आई हेच सांगते," ती म्हणाली. "मला वाटायचं, समजूत घालते."

"मी काही समजूत घालायला आले नाही. मला स्वतःचीच समजूत घालता आलेली नाही."

मग ती रडली. मोठ्याने, लहान मुलीसारखी. बी मिझा उठली नाही, जागेवरूनच म्हणाली, "रडू दे तिला. तेव्हा रडली नव्हती." मीही रडले. मधेच इल्हाम येऊन दोघींकडे आळीपाळीने बघून गेली आणि हलव्याची डबी घेऊन पसार झाली.

निघताना मी बी मिझाला विचारलं, "तुम्ही मला माफ केलंत का?"

"पहिली पाच वर्षं नाही," ती म्हणाली. "मग तुझ्याबद्दल विचार करायची सवय लागली. ती पोर कुठे असेल, खात-पीत असेल का, असा. त्याला तुम्ही शिकलेले लोक काय म्हणता, ते मला ठाऊक नाही."

तिने पाठवणीला दोन नारळ दिले. ते मी उराशी धरून दलादलात बसले आणि चाके येईपर्यंत माझं मन इतकं हलकं होतं की मला त्याचीच भीती वाटली.

१६ मे, मंगळवार

रात्रभर पाऊस, सकाळी लख्ख ऊन. आठ वाजता बालवाडीत पोचलो तर ओट्यावर चटया घातलेल्या. बी मिझाने पेजेचं पातेलं सगळ्यांच्या पुढे ठेवलं होतं. प्रत्येक मूल आईच्या मांडीवर, ताठ बसलेलं. आधी दोन घोट पेज. मग आई स्वतः जीभ काढून दाखवणार, मूल काढणार, मग पापुद्रा. कुणी तोंड मिटलं तर थांबायचं, घरी जाऊ द्यायचं, उद्या यायचं. हे सगळे नियम तिने घातले. मी ते फक्त प्रस्तावाच्या भाषेत लिहिले आणि किसंगांनी माझं कौतुक केलं. मी त्यांना खरं नाव कळवलंय. अहवालात ते येणार.

पहिली कोण, असा प्रश्न आला. आया एकमेकींकडे बघू लागल्या. साबिहा दारातून आत आली. इल्हामला मांडीवर घेऊन बसली. बी मिझाने नातीला घ्यायला हात पुढे केला, तर साबिहा म्हणाली, "राहू दे आई, मीच देते."

तिने पाकीट फाडलं. इल्हामला दोन घोट पेज पाजली. स्वतः जीभ बाहेर काढली. इल्हामने काढली. पहिला तुकडा ठेवला. इल्हामचा चेहरा आंबटाने गोळा झाला, मग तिने ओठ चाटले. मी सेकंद मोजायचे विसरले. हारूबनी मोजले, अठरा. दुसरा तुकडा तिने स्वतःच पाकिटाकडे बोट दाखवून मागितला. तोही विरला. मग तिने पुन्हा जीभ काढली, लालभडक, रिकामी, आणि सगळ्यांना फिरवून दाखवली.

पलीकडची एक तरुण आई रांगेतून उठून साबिहाकडे आली. "माझ्याला तू देशील का? माझा हात नाही धजत."

साबिहाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तिने बी मिझाकडे पाहिलं आणि त्या बाईच्या मुलासमोर गुडघे टेकून बसली. घाई केली नाही. त्याला आधी पेज पाजली, त्याच्या गुडघ्यावरच्या खपलीची चौकशी केली, जीभ काढून दाखवली, त्याची निघेपर्यंत वाट बघितली. दुपारपर्यंत तिने एकवीस मुलांना दिलं. मी एकालाही दिलं नाही. माझी गरजच पडली नाही.

पन्नास मुलं आली. एकही रडलं नाही असं लिहिणार होते, पण चार रडली. त्यांतली दोन दुसऱ्याच्या वाट्याचा पापुद्रा हवा म्हणून.

८ जून, गुरुवार

तीन आठवड्यांनंतरच्या तपासण्या हातात आल्या. मोठे जंत जवळजवळ सगळ्यांचे गेले. बारीक चाबूकजंत चिवट, ते निम्म्यांतच गेलेत. त्यासाठी दुसरं औषध जोडावं लागेल, आणि ते कडू आहे. म्हणजे पुन्हा पहिल्या घाण्यापासून. हारूबनी निवृत्तीचा अर्ज आणखी सहा महिने पुढे ढकलला आणि बी तिमेची माफी मागायची जबाबदारी माझ्यावर टाकली.

आजवर चौसष्टपैकी एकसष्ट मुलांना पापुद्रा दिला गेला. तीन घरं उरलीत. तिथल्या आया अजूनही नाही म्हणतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. मी साबिहाला फोन केला. म्हटलं, उद्या येते, आपण मिळून जाऊ.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. "त्या मला विचारतील, तुझ्या बहिणीचं काय झालं होतं. मला त्यांना ते माझं मी सांगायचंय."

मी बरं म्हटलं. उद्या मी लॅबमध्येच असेन.